चौदा पॅनल आणि एक खुर्ची

आमच्या घराला सोलरची किती पॅनल लागतील, हा प्रश्न पॅनलवाल्याने चहा गार व्हायच्या आत सोडवला होता. त्याने वर्षभराची विजेची बिलं मागितली, मोबाइलवर बेरीज-भागाकार केला, दिवसाला सरासरी बारा युनिट वापर काढला, एक पॅनल बऱ्या उन्हात दिवसाला दोनेक युनिट देतं असं सांगितलं आणि म्हणाला, "सहा." मग त्याने बिस्किट उचललं.

विषय तिथेच संपायचा. पण पॅनलवाल्याच्या समोर आमचे साहेब बसले होते.

साहेब म्हणजे माझे यजमान. एका मोठ्या कार्यालयात ते अंदाजपत्रकाच्या विभागात होते, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणतात. मीही म्हणते, पण माझ्या म्हणण्यात तितका आदर नसतो. दुसऱ्यांच्या मागण्या कापायच्या आणि आपल्या विभागाच्या मागण्या फुगवायच्या, यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर मागण्या घेऊन कुणी येईना, तेव्हा ते अगदी सैरभैर झाले. फ्रिज उघडून "ही अर्धी कोबी शिल्लक का?" असा खुलासा मागू लागले. त्यांना गुंतवायला काहीतरी हवंच होतं, आणि सोलरची कल्पना माझीच होती. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला दुसऱ्याची मदत लागत नाही.

"सहा कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"बिलांवरून, सर."

"बिल म्हणजे झालेला खर्च. खर्च म्हणजे गरज नव्हे. गेल्या वर्षी आम्ही काटकसरीने राहिलो. त्याची शिक्षा पुढची पंचवीस वर्षं भोगायची का?"

पॅनलवाला धंद्यात मुरलेला होता. "अगदी बरोबर, सर. मग आठ करू."

"असा आकडा वाढवायचा नसतो," साहेब म्हणाले. "आधी प्रत्यक्ष मोजमाप होईल. महिनाभराने या."

तो बिस्किट संपवून गेला. जाताना माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला.

साहेबांची पद्धत समजायची तर त्यांच्या कार्यालयाचा एक नियम माहीत हवा. तिथे वर्षाला जेवढी रक्कम मंजूर होते तेवढी वर्षअखेरीपर्यंत संपवावी लागते. उरली तर परत जाते, वर पुढच्या वर्षी तेवढीच कापून मिळते. "तुम्हाला लागत नव्हती ना, मग मागितली कशाला?" असं विचारतात म्हणे. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात तिथे वाट्टेल ते विकत घेतात. एका वर्षी इतकी कपाटं घेतली की ती ठेवायला खोली भाड्याने घ्यावी लागली. दुसऱ्या एका वर्षी खुर्च्या घेतल्या, माणसांपेक्षा जास्त. पुढे त्या न वापरताच जुन्या ठरवून भंगारात काढल्या, तेव्हा त्यातली एक साहेबांनी घरी आणली. तिचा एक हात मोडका होता. घरात ती कुणालाच नको होती, म्हणून ती गच्चीवर गेली आणि माझी झाली.

या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. आमच्या घरात पाच माणसं. साहेब, सासूबाई, चिरंजीव, सूनबाई आणि मी. सगळी माणसं चांगली आहेत. फक्त प्रत्येकाची वस्तू कुठे आहे हे त्याला सोडून मला माहीत असतं. "अगं, माझा चष्मा कुठे आहे?" "आई, चार्जर कुठे गेला?" "अहो आई, ती छोटी कात्री?" "अगं ए, माझी गोळी?" सकाळी डोळे उघडल्यापासून मी या प्रश्नांना उत्तरं देत असते. न्हाणीघरात असले तरी दाराबाहेरून विचारतात. गच्ची तेवढी सुटलेली होती, कारण तिथे जायला दोन जिने चढावे लागतात आणि मला विचारायला दोन जिने चढण्यापेक्षा माणूस थोडा वेळ थांबतो. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी वर जायची, पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्या मोडक्या खुर्चीवर बसायची. काही करायची नाही. समोरच्या गच्चीवरचा माणूस कबुतरं हाकलायचा, ते बघायची. मला त्या बसण्याची फार ओढ होती, जेवणापेक्षा जास्त. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर साहेबांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"आजपासून एक महिना मोजणी," ते म्हणाले. "मीटर मी रोज बघणार. प्रत्येकाला आयुष्यात जेवढी वीज लागू शकेल तेवढी त्याने या महिन्यात वापरून दाखवायची. वापरली नाही तर तरतूद कापली जाईल. नंतर माझ्याकडे यायचं नाही."

"वीज वाचवायला सोलर घेतोय ना आपण, बाबा?" चिरंजीव म्हणाले.

"वाचवायची नंतर. आधी मंजूर तर होऊ दे."

सासूबाई म्हणाल्या, "मला मेलीला काय लागतंय? एक पंखा."

"एक पंखा लिहू? पुढे गुडघे दुखले, शेकायला हीटर लागला, तर मिळणार नाही."

सासूबाई विचारात पडल्या. "मग हीटर लिही. आणि टीव्ही दिवसभर लिही. मधे झोप लागली तरी चालू असतो म्हणावं."

तिथून बांध फुटला. चिरंजीव घरूनच काम करतात. त्यांनी दोन स्क्रीन, एसी आणि अजून न घेतलेली विजेवरची गाडी मागितली. सूनबाईला केक करायचा नाद आहे. तिने ओव्हन मागितला, कपडे वाळवायचं यंत्र मागितलं आणि "पुढेमागे एखादं लागलं तर" असं म्हणून आणखी एक एसी मागितला. साहेबांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं होतं! प्रत्येक मागणीला ते आधी नाही म्हणायचे, मग अर्धी द्यायचे, मग पूर्ण द्यायचे. निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पाहिलेच नव्हते.

शेवटी माझ्याकडे वळले. "तुझी मागणी?"

"मिक्सर, वॉशिंग मशीन, इस्त्री..."

"ती सामाईक झाली. तुझी स्वतःची?"

मी डोकं खाजवलं. खरंच, या घरात केवळ माझ्यासाठी चालणारं असं एक बटण मला आठवेना. "माझी खुर्ची आहे वर," मी म्हटलं.

"खुर्ची विजेवर चालत नाही," साहेब म्हणाले आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी ते टेप आणि खडू घेऊन गच्चीवर गेले. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. कागदावर सगळंच मावतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पॅनलच्या मापाचे चौकोन जमिनीवरच आखायला घेतले, माणूस आडवा झोपेल एवढे लांब, आणि प्रत्येकात ज्याचं त्याचं नाव लिहिलं. 'फ्रिज.' 'गीझर.' 'आईचा टीव्ही.' 'गाडी (होणारी).' आमची गच्ची पहिलीच्या पोरांच्या हाती सापडल्यागत दिसू लागली.

मोजणीचा महिना म्हणजे घरात नुसती लूट होती. खिडक्या उघड्या टाकून एसी चालायचे, कारण बंद खिडक्यांत ते पुरेशी वीज खात नव्हते. सासूबाई भर उन्हाळ्यात गुडघ्याला हीटर लावून बसायच्या आणि घाम आला की पंखा वाढवायला सांगायच्या. सूनबाईने इतके केक केले की शेजारी आम्हाला बघून दार लावून घेऊ लागले. एकदा रिकामा ओव्हन चालू दिसला म्हणून मी बंद केला, तर ती धावत आली. "अहो आई, असू दे! या आठवड्यात माझा वापर कमी भरलाय." कपडे धुऊन, वाळवून, न घालताच पुन्हा धुवायला टाकायचे. ती सामाईक मशीन चालवत होते मी. सकाळी साहेब मीटरपाशी उभे राहून आकडा वाचायचे आणि आकडा वाढलेला दिसला की "शाब्बास" म्हणायचे.

वर चौकोन वाढत होते. आठ झाले, दहा झाले. माझी खुर्ची आधी मधोमध सावलीत होती, ती थोडी उजवीकडे गेली. मग जिन्याजवळ, मग कठड्याला चिकटून. दर वेळी साहेब म्हणायचे, "थोडीच सरकवलीये." मी काही बोलले नाही. तसं न बोलण्याची मला सवय आहे, आणि त्या सवयीचा मला आता राग येतो.

महिना संपायला आठवडा राहिला होता. मी बादलीभर कपडे घेऊन वर गेले, तर खुर्ची नव्हती. ती जिन्यात उलटी ठेवलेली होती आणि तिच्या जागी चौदावा चौकोन आखला होता. आत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आकस्मिक'.

"हे काय?" मी विचारलं.

"आकस्मिक गरज. म्हणजे जी अजून कुणाला सुचलेली नाही, ती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी जागा कुणाच्या गरजेसाठी गेली असती तर मी समजले असते. ही गरज अजून जन्मालाही आली नव्हती.

"अहो, मी बसते तिथे."

"किती बसतेस? सगळं मिळून पाव तास. तेवढ्या वापरावर जागा अडवून ठेवता येत नाही गं. मी नियम मोडून घरच्या माणसाला दिलं तर लोक काय म्हणतील? न वापरलेली तरतूद परत जाते."

"आणि वापरली तर?"

"वापरली तर प्रश्नच नाही. पण तुला वेळ कुठे आहे?"

ते हसून म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हेच तर माझ्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मासभर चहा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन वर गेले. जिन्यातली खुर्ची उचलली, 'आकस्मिक'वर ठेवली आणि बसले. आठवडाभराचा वापर भरून काढायचा होता.

तासाभरात खालून आवाज सुरू झाले. "आई, एसीचा रिमोट कुठे आहे?" एसीचा रिमोट मी कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात ठेवते, कारण दुसरीकडे कुठेही ठेवला की त्याच्या बॅटऱ्या काढून चिरंजीव माउसमध्ये घालतात. चिमट्यांचा डबा माझ्या पायाशीच होता. "अहो आई, ओव्हन का चालू होत नाहीये?" ओव्हनचा प्लग लावायला मशीनचा प्लग आधी काढावा लागतो. "अगं, गीझरचं बटण कुठे आहे?" ते मशीनच्या मागे आहे, झाडूच्या दांड्याने दाबतात. मी सगळं ऐकत होते. एका प्रश्नालाही मी उत्तर दिलं नाही आणि वर यायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. समोरच्या गच्चीवरचा माणूस कबुतरं हाकलायला आला. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं.

पहिल्या दिवशी मला फार अपराधी वाटलं. सगळे पाव आणि केक खाऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी अपराधीपणा थोडा कमी झाला. तिसऱ्या दिवशी वारा छान होता आणि मी त्याबद्दल विचारच केला नाही. अंधार पडला की खाली यायची, जेवायची, झोपायची, उजाडलं की पुन्हा वर. कुणी काही विचारायला तोंड उघडलं की मी म्हणायची, "माझी मोजणी चालू आहे." हे वाक्य त्या महिन्यात आमच्या घरात सर्वांना मान्य होतं.

चौथ्या दिवशी जिन्यावर धापा ऐकू आल्या. सासूबाई! किती वर्षांनी त्यांनी गच्ची पाहिली देव जाणे. टीव्हीचा रिमोट विचारायला आल्या असणार, हे मला कळलंच. मी त्यांना उठून खुर्ची देऊ लागले. त्या "बस, बस" म्हणाल्या, बादली उलटी केली आणि तिच्यावर टेकल्या. बराच वेळ आम्ही दोघी बघत राहिलो. चौकोनांमधलं एक टोक बोटाने दाखवून त्यांनी विचारलं, "ते माझं का गं?"

"हो. आईचा टीव्ही."

"केवढं मोठं दिलंय." मग म्हणाल्या, "मला कधी असं बसायला सुचलंच नाही बघ."

या बाईने मला लग्नानंतर पहिल्या वर्षी कपभर साखर सांडली म्हणून रडवलं होतं. मी थर्मासचं झाकण भरून चहा त्यांच्या हातात दिला. ऊन उतरेपर्यंत त्या बादलीवर बसल्या आणि रिमोटचं विचारायचं विसरून खाली गेल्या.

आठवडा संपायच्या आदल्या दिवशी साहेब वर आले. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही, हातात चहाचा कप. चहा त्यांनीच केला होता, ते मी रंगावरूनच ओळखलं. त्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, आकडा पडलाय."

"किती?"

"काल दिवसभरात चार युनिट. चार! मशीन बंद, इस्त्री बंद, एसी बंद. म्हणजे दोन पॅनल. मी सगळ्यांची चौदा मंजूर केलीत. लोकांना तोंड कसं दाखवू?"

'लोक' म्हणजे त्यांची आई, मुलगा आणि सून. पण त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. वर्षअखेरीला असा चेहरा करून ते घरी यायचे, तेव्हा मी त्यांना गरम जेवण वाढायची आणि काही विचारायची नाही. आत्ताही माझा हात छत्री मिटायला गेला होता. तो मी मागे घेतला.

"चल ना खाली," ते म्हणाले. "एक दिवस उरलाय. सगळं एकदम लावलं तर सरासरी थोडी वर येईल."

"मी आले तर हे परत जाईल," मी खुर्चीवर हात आपटून म्हटलं.

"एवढं काय आहे त्या खुर्चीत? इथे तू करतेस तरी काय?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही करत. अख्ख्या दिवसात मी एवढीच एक गोष्ट माझ्यासाठी करते हो. बाकी सगळं सामाईक आहे."

मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. चौदा चौकोनांकडे बघत उभे राहिले. एकेक नाव त्यांनी मनात वाचलं असावं, कारण ओठ हलत होते. शेवटी ते माझ्या पायाशी आले, खुर्चीखालचं 'आकस्मिक' वाचलं आणि म्हणाले, "यात तुझं एकही नाही गं."

"तुम्हीच आखलेत."

ते खाली गेले. मला वाटलं, रागावले. पण ओलं फडकं घेऊन परत आले आणि गुडघ्यांवर बसून चौकोन पुसू लागले. 'गाडी (होणारी)' पुसली. दुसरा एसी पुसला. कपडे वाळवायचं यंत्र पुसलं, त्याच्यावरच माझी दोरी होती. आईचा टीव्ही निम्मा पुसला, मग विचार करून सगळाच पुसला. गुडघे दुखत होते, तरी मला फडकं धरू देईनात. शेवटी खुर्चीखालचं 'आकस्मिक'ही पुसलं आणि उरलेले मोजले. सहा.

"हा सुवर्णमध्य," कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले. "बराच अभ्यास करावा लागला, पण आकडा आला बरोबर."

पॅनलवाल्याने खाल्लेल्या बिस्किटाची मी आठवण काढली नाही.

पॅनलवाला आला तेव्हा मी जिन्यात होते, कपड्यांची बादली घेऊन. त्याने गच्ची पाहिली, सहा चौकोन पाहिले, आणि बाजूला खुर्चीभोवती आखलेला सातवा पाहिला. तो जरा मोठाच होता, पाय लांब करता येतील असा. आत काही लिहिलं नव्हतं.

"सर, इथे ऊन पण चांगलं आहे. आणखी एक बसेल की."

"नाही. ती जागा मंजूर झालेली आहे," साहेब म्हणाले.

"कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

"मग रिकामीच आहे ना, सर?"

"रिकामी नाही," साहेब त्यांच्या जुन्या कार्यालयातल्या आवाजात म्हणाले. "तिथे आमची मंडळी बसते. तो वापर मोजून झालेला आहे."

मी बादली खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यासाठी कुणाला असं ठणकावून नाही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. डोळे भरून आले, आणि ते आले म्हणून मला माझाच थोडा राग आला, कारण मिळालं काय होतं, तर माझीच मोडकी खुर्ची.

ते दोघं मोजमापाचं बोलत खाली गेले. मी कपडे वाळत घातले आणि बसले. कबुतरवाला अजून आला नव्हता. ऊन माझ्या पावलांपर्यंत पोचलं होतं.

"अगं!" खालून साहेबांची हाक आली. "टेप कुठे ठेवलीय माझी?"

टेप माझ्या खुर्चीखाली होती. त्यांनीच चौकोन आखताना तिथे ठेवली होती.

"अगं, ऐकतेस ना? टेप कुठे आहे?"

मी ऐकत होते. मी पाय लांब केले आणि बसून राहिले.